माती सारेच पचवत नाही

१९७२ च्या दुष्काळात मी जेमतेम दोन वर्षांचा होतो. त्यामुळे पुढील प्रसंग माझ्या आठवणीतला नाही. पण आमच्या आजीने तो इतक्या वेळा सांगितला की आता तो माझाच होऊन गेला आहे. भालकीपासून दोन-अडीच कोसांवरच्या आमच्या खेड्यात त्या वर्षी जवारी पिकली नाही. कणगी रिकामी झाली होती. घरात धान्य म्हणावे असे एकच उरले होते : पेरणीसाठी आणलेले आणि पाऊसच न आल्याने तसेच राहिलेले संकरित जवारीचे बी. त्याला लालसर पूड लावलेली होती. आजीने एके दिवशी त्यातले पायलीभर बी काढले, मोठ्या मुश्किलीने आणलेल्या घागरभर पाण्यात दोन-तीनदा खळखळून धुतले. रंग गेला, दाणे स्वच्छ दिसू लागले, तसे ते सुपात वाळत घातले. संध्याकाळी जात्यावर दळायचे, असा बेत होता. तेवढ्यात आजोबा शेताकडून आले. त्यांनी सूप पाहिले, उचलले आणि परसात उकिरड्याच्या कडेला खड्डा करून ते सारे बी पुरून टाकले. "भुकेनं मेलो तरी चालंल, पर औषिद लावल्यालं बी ह्या घरात दळायचं न्हाई," एवढेच ते बोलले. त्या रात्री चूल पेटली नाही.

हे सांगताना आजी दर वेळी पदराने डोळे पुसत असे आणि शेवटी विचारत असे, "चांगलं धुतल्यालं होतं की रे. मातीत पुरलं ते मातीनं पचवलं. मग आमालाच पचलं नसतं व्हय?"

आजी गेली, आजोबा गेले. प्रश्न मात्र राहिला. मी इतिहासाचा विद्यार्थी आणि शिक्षक; रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण शाळेतल्या विज्ञान शिक्षकांशी चर्चा करता करता, आणि जे मिळेल ते वाचता वाचता, माझ्या लक्षात आले की आजीच्या या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा एक इतिहास आहे. तो राजेरजवाड्यांचा नाही. तो बियाचा, बुरशीचा आणि पायाखालच्या मातीचा आहे. आपल्या बहुतेक घरांचा एक पाय अजून शेतात असल्याने तो आपण सर्वांनी जाणून घ्यावा असे वाटते.

प्रथम धुण्याविषयी. आजोबांनी ते बी पुरले त्याच सुमारास तिकडे इराकमध्ये नेमके हेच घडत होते, फक्त ते पुरून टाकणारे कोणी नव्हते. १९७१ च्या उत्तरार्धात दुष्काळाने गांजलेल्या त्या देशाने परदेशातून सुमारे ७३ हजार टन गहू आणि २२ हजार टन जव बियाणे म्हणून मागवले. बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याचे एक सेंद्रिय संयुग लावलेले होते आणि खूण म्हणून लाल रंग दिला होता. पोत्यांवर धोक्याची सूचनाही छापली होती, पण ती स्पॅनिश आणि इंग्रजी भाषांत. खेड्यातल्या अरबी आणि कुर्दी बोलणाऱ्या शेतकऱ्याला ती कशी कळावी? काही ठिकाणी बी पोहोचले तेव्हा पेरणी उरकून गेली होती. भुकेल्या घरांनी बी धुतले, रंग गेलेला पाहिला, विष गेले असे मानले आणि भाकरी केल्या. लगेच काहीच झाले नाही. काही आठवड्यांनी हातपाय बधिर होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला, दृष्टी आणि वाचा गेली. इस्पितळांत ६,५३० माणसे दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली, अशी अधिकृत नोंद आहे. ही केवळ इस्पितळापर्यंत पोहोचलेल्यांची संख्या. रंग पाण्याने निघाला होता, पारा निघाला नव्हता.

त्या पोत्यांवरची भाषा मला फार अस्वस्थ करते. आपल्या घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि औषधाच्या पुडीवर तिसरी, हा सीमाभागातल्या माणसाचा रोजचा अनुभव आहे. आपण तो हसण्यावारी नेतो. इराकमध्ये त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली.

आता मातीविषयी, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बुरशीवर माणसाने शोधलेले पहिले खात्रीचे औषध म्हणजे तांबे. १८०७ साली बेनेदिक्त प्रेव्हो या अभ्यासकाने फ्रान्समध्ये दाखवून दिले की गव्हाची काणी ही दैवी अवकृपा नसून सूक्ष्म बीजाणूंपासून होते आणि मोरचुदाच्या अगदी सौम्य पाण्यानेही ते बीजाणू रुजत नाहीत. पुढे १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड होऊ लागले. १८८२ साली बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांना एका मळ्यात एक विचित्र गोष्ट दिसली : रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या होत्या. चौकशी करता कळले की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. फळ विषारी वाटावे, इतकाच हेतू. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी तो जाहीर केला आणि 'बोर्डो मिश्रण' जगभर गेले. नाशिक, सांगली, सोलापूर, विजापूरकडचा बागाईतदार आजही ते नाव घेतो. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने जवारीच्या काणीवर बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवण्याचा प्रचार केला आणि पुढे त्याची जागा गंधकाच्या पुडीने घेतली. मोरचूद आपल्या जिल्ह्याला वेगळ्या वाटेनेही परिचित आहे. बिदरचे बिद्री कारागीर नक्षी कोरण्याआधी भांड्यावर मोरचुदाचे पाणी चोळून ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते.

तांब्यानंतर पारा आला. १९१५ च्या सुमारास जर्मनीत पाऱ्याची संयुगे बियाला लावण्यासाठी विकली जाऊ लागली आणि दोन पिढ्यांत ती जगभर पसरली. उसाचे बेणे पाऱ्याच्या औषधात बुडवून लावायची शिफारस आपल्याकडेही होती. १९८० च्या दशकात, मी शाळकरी असताना, वडील पिंपात औषध कालवून टिपऱ्या बुडवीत आणि मी त्या उचलून सरीवर नेऊन टाकी. हातमोजे हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. बांधावर बसून त्याच हातांनी, नुसते पाण्याने खंगाळून, आम्ही भाकरी खाल्ली आहे. बेण्यासाठी वापरले जाणारे पाऱ्याचे ते बुरशीनाशक भारत सरकारने ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने बंद केले. म्हणजे इराकनंतर जवळजवळ सेहेचाळीस वर्षांनी.

तांबे आणि पारा या दोहोंत एक साम्य आहे आणि आजीच्या प्रश्नाची अर्धी उकल तिथेच होते. दोन्ही मूलद्रव्ये आहेत. मूलद्रव्य म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असे. जे जोडलेले असते ते तोडता येते. जे मुळातच एकसंध आहे त्याचे मातीने काय करावे? ती त्याला चिकटवून ठेवील, एका रूपातून दुसऱ्या रूपात नेईल, पाण्याबरोबर थोडे वाहून जाऊ देईल. नाहीसे मात्र करू शकणार नाही. उलट, पाण्याखालच्या चिखलातले काही जीवाणू साध्या पाऱ्याचे अधिक घातक पाऱ्यात रूपांतर करतात. फ्रान्सच्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत शतकभराच्या फवाऱ्यांचे तांबे अजून बसून आहे. साध्या शेतजमिनीच्या कित्येक पट.

मग माती पचवते तरी काय, आणि कशाने? याचे पहिले उत्तरही बिद्रीशी नाते सांगते. भांडे घडवून, चांदी जडवून झाली की शेवटचा पक्का काळा रंग देण्यासाठी कारागीर बिदरच्या किल्ल्यातली माती वापरतात. कुठलीही माती चालत नाही. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या इमारतींच्या आडोशाची माती लागते, आणि जाणता कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतो. नवसागराबरोबर ती पाण्यात उकळली की जस्ताचे भांडे काळेभोर होते आणि चांदी तशीच चमकत राहते. त्या मातीत सोऱ्यासारखे क्षार असतात असे मानतात. सोरा अशाच जुन्या, कोरड्या, आडोशाच्या जागी साठतो हे जुन्या काळच्या दारूगोळावाल्यांनाही ठाऊक होते. पण तो तयार कोण करतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८७७ मध्ये श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वाळू भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. काही दिवसांनी खालून येणाऱ्या पाण्यात सोऱ्याचे क्षार दिसू लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तशी क्रिया बंद पडली. भुलीच्या औषधाने जे थांबते ते निर्जीव कसे असेल? म्हणजे मातीत कोणीतरी जिवंत कामकरी होते. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी हे जीवाणू वेगळे काढून दाखवले. नजरेला न दिसणारे हे कामकरी चिमूटभर मातीत कोट्यवधींनी असतात.

त्याच सुमारास हॉलंडमधील बायेरिंक यांनी त्यांना हुडकण्याची एक सोपी युक्ती रूढ केली. मातीचा कण घ्या आणि त्यातल्या जीवाणूंना एकच पदार्थ खायला वाढा. ज्यांना तो पचतो ते वाढतील, बाकीचे उपाशी राहतील. पंक्तीला केवळ कारल्याची भाजी वाढली तर कोण उठून जाते आणि कोण पुन्हा मागून घेते हे कळावे, तसे. पुढे औषधे पचवणारे जीवाणू जगात जिथे जिथे सापडले तिथे तिथे मूळ युक्ती हीच होती.

दरम्यान औषधांची जात बदलली. १९३० च्या दशकात थायरम, १९५० च्या सुमारास कॅप्टन आणि १९६० च्या दशकाअखेर बेनोमिल व त्याचा भाऊबंद कार्बेन्डाझिम, ज्याची पांढरी पूड आपल्याकडे 'बाविस्टिन' या नावाने घरोघरी पोहोचली. ही सारी कार्बनाच्या साखळ्या-कड्यांची बनलेली औषधे. जोडलेली, म्हणून तोडता येण्याजोगी. ती मातीत खरोखर तुटतात का, हा प्रश्न आता उभा राहिला.

त्याची दिशा आधीच एका तणनाशकाने दाखवली होती. लंडनचे ऑडस यांनी १९४९ मध्ये मातीतून २,४-डी या तणनाशकाचे पाणी पुन्हा पुन्हा फिरवले. पहिले काही दिवस जणू काहीच घडले नाही. मग औषध भराभर संपले. त्याच मातीला दुसऱ्यांदा मात्रा दिली तेव्हा थांबणे नाही, विचार करणे नाही, लगेच फडशा. जणू मातीने पहिल्या खेपेला धडा गिरवला आणि दुसऱ्या खेपेला तो पाठ होता. अर्थात एखादा जीवाणू आपल्या विद्यार्थ्यासारखा बसून शिकत नाही. कोट्यवधींमध्ये ज्या मोजक्यांकडे ती कला असते त्यांना खायला मिळते, त्यांचा वंश वाढतो, आणि ती कला ते शेजाऱ्यांनाही देऊ शकतात. म्हणजे विद्यार्थी तेच राहत नाहीत, सारा वर्गच बदलतो.

कार्बेन्डाझिमविषयी हे १९७८ साली स्पष्ट झाले. हॉलंडमधील फुक्स आणि द फ्रीस यांनी बेनोमिल मोडणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. इथे कोणी विचारील, बुरशी मारणारे औषध जीवाणूंना कसे मारत नाही? बुरशीची पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म दोऱ्या तयार होतात आणि त्या गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेतात. कार्बेन्डाझिम त्या दोऱ्या विणूच देत नाही. बुरशीची वाढ तिथेच खुंटते. जीवाणू दुभंगतो, पण त्याच्या घरात त्या जातीच्या दोऱ्या नसतात. त्यामुळे शेजाऱ्याला विष असलेला पदार्थ त्याला अन्न होऊ शकतो. औषधाच्या रेणूला दोन जोडकडी आणि एक शेपूट असते. जीवाणू एका विकराच्या साहाय्याने, पाण्याचा रेणू घालून, आधी शेपूट कापतो. तिथेच औषधाची बुरशी मारण्याची शक्ती बहुतांशी जाते. मग सावकाश कडी फुटतात आणि शेवटी त्याचा कर्बवायू, पाणी आणि पिकाला उपयोगी पडणारे नत्र होते. शेपूट कापणाऱ्या या विकराचे जनुक ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०१० साली वेगळे करून दाखवले.

पण 'तुटते' आणि 'लगेच तुटते' यांत फरक आहे. मोकळ्या जमिनीत कार्बेन्डाझिम निम्मे व्हायला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतचा काळ लागू शकतो, असे मोजमाप आहे. आणि किती काळ लागेल हे औषधापेक्षा मातीवर अधिक अवलंबून असते. इस्रायलमधील यार्डन, कटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जे प्रसिद्ध केले ते प्रत्येक शेतकऱ्याने कानात साठवावे असे आहे. ज्या मातीचे निर्जंतुकीकरण केले होते, म्हणजे जिच्यातले जीव मारले होते, तिच्यात औषध मोडायला उशीर झाला. ज्या मातीत तेच औषध पूर्वी पडून गेले होते, तिच्यात ते नेहमीपेक्षा लवकर नाहीसे झाले.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या परस्परांविरुद्ध वाटल्या तरी दोन्ही खऱ्या आहेत. मेलेली माती विष साठवते. आणि त्याच त्या औषधाची सवय लागलेली माती ते काम करण्याआधीच खाऊन टाकते. "पूर्वी हेच औषध चांगलं चालायचं, आता चालत नाही, कंपनी भेसळ करते," असे पालक सभेनंतर मला सांगणारे शेतकरी पालक कमी नाहीत. भेसळ कुठे होतही असेल. पण आणखी दोन कारणे आहेत : बुरशीने त्या औषधाला दाद न देणारी पिढी जन्माला घातली, आणि मातीने ते पचवण्याची कला वाढवली. तेच औषध, दर वर्षी, त्याच शेतात असा हट्ट आपण धरला की शिकण्याची संधी दोघांनाही आपणच देतो.

आपल्या मराठी मुलखातही या विद्येचे काम झाले आहे. २००३ च्या सुमारास युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत औषधांचे अवशेष सापडले, मालाची अडवणूक झाली आणि त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी काटेकोर झाली. त्या तपासणीची संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. हे केंद्र १९९७ साली सुरू झाले. तिथले साळुंखे, इंदू सावंत, संजय सावंत, कौशिक बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी द्राक्षवेलींवरूनच मिळवलेल्या 'बॅसिलस सबटिलिस' या जीवाणूच्या चार वाणांवर काम केले. मातीत आणि वनस्पतींवर सर्वत्र वावरणारा हा साधा जीवाणू. हे चारही वाण द्राक्षाच्या रोगांना आळा घालतात. २०१३ मध्ये त्यांच्याकडून प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचे विघटन झाल्याचे आणि २०१४ मध्ये कार्बेन्डाझिमचेही विघटन झाल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. जो रोगाशी लढतो तोच औषधाचा उरलेला अंशही मोडतो, आणि तेही बागेतल्या बागेत! त्याच २०१४ च्या अखेरीस युरोपीय संघात कार्बेन्डाझिमच्या वापराची परवानगी संपली. बेनोमिल आपल्याकडे २०१८ मध्ये, पाऱ्याच्या त्या औषधाबरोबर एकाच आदेशाने बंद झाले.

इथे पुडीवरच्या त्रिकोणाविषयी दोन शब्द. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे चार रंग औषध एकदम पोटात गेल्यास ते किती घातक ठरेल एवढेच सांगतात. कार्बेन्डाझिमला हिरवा त्रिकोण आहे. पण युरोपात त्याची गणना जनुकांत बदल घडवणाऱ्या आणि प्रजननाला व गर्भाला धोका असलेल्या पदार्थांत केली आहे. हिरवा रंग म्हणजे निर्धोक असे नव्हे. इराकमध्येही भाकरी खाल्ल्या त्या दिवशी कोणाला काही झाले नव्हते.

मग औषध वापरूच नये काय? असे मी म्हणणार नाही. ज्याचे शेत वाळते त्याला उपदेश करणे सोपे असते. आमची तूर, म्हणजे शेजारच्या कन्नड घरातली तोगरी, ही या भागाची लक्ष्मी. तिला मर लागली की फुलोऱ्यातले उभे झाड वाळते. ती बुरशी मातीत आणि जुन्या धसकटांत वर्षानुवर्षे टिकून राहते. किलोभर बियाला दोन-तीन ग्रॅम औषध चोळल्याने कोवळ्या रोपाचे रक्षण होते, पण सहा महिन्यांच्या पिकाला ते जन्मभर पुरणार नाही. या रोगावरचा मोठा विजय औषधाने मिळालेलाच नाही. दुष्काळाच्या त्याच १९७२ साली, आपल्याकडून हैदराबादला जाताना वाटेवर लागते ते पाटणचेरूचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. महाराष्ट्रातून गोळा केलेल्या एका स्थानिक तुरीतून निवड करून तिथे मर रोगाला न जुमानणारा वाण तयार झाला आणि तो १९८६ मध्ये कर्नाटकात 'मारुती' या नावाने प्रसारित झाला. १९५६ साली आपल्या जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा तिकडे आणि भालकी-औराद इकडे राहिले. बुरशीला ती सीमा कधी कळली नाही, आणि सुदैवाने बियालाही नाही. जवारीत तुरीचे तास धरण्याची आपल्या वाडवडिलांची रीतही मर कमी करते, हे संशोधनाने दाखवले आहे. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी बियाला लावता येते. मात्र कार्बेन्डाझिम तिलाही मारते, म्हणून दोन्ही एकत्र चोळून उपयोग नाही. आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे शेणखत. ते पिकाचे अन्न आहे, त्याहून अधिक ते मातीतल्या त्या अदृश्य कामकऱ्यांचे अन्न आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळेत एक साधा प्रयोग केला. पांढऱ्या सुती कापडाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. एक शाळेच्या परसबागेत पुरली, जिथे वर्षभर पालापाचोळा आणि शेण पडते. दुसरी एका पालकांच्या शेतात, जिथे अनेक वर्षे खताची गाडी गेलेली नव्हती. पावसाळ्यात दोन महिन्यांनी मुलांनी दोन्ही उकरल्या. परसबागेतली पट्टी हातात घेताच तिचे धागे सुटले. शेतातली मळली होती, पण धुऊन पुन्हा वापरता आली असती. एका प्रयोगाने सिद्धान्त होत नाही. ओलावा, जमिनीचा पोत, कितीतरी कारणे असू शकतात, हे विज्ञान शिक्षकांनी मुलांना बजावून सांगितले. पण ज्यांचे ते शेत होते ते पालक ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ उभे होते. "सर, म्हणजे आमच्या मातीला भूकच न्हाई म्हणा की," ते म्हणाले.

आजीच्या प्रश्नाकडे परत येतो. त्या बियाला नेमकी कोणती पूड होती हे सांगणारे आता कोणी नाही. ती थायरमसारखी कार्बनाची असेल, तर आजोबांनी नकळत सर्वांत योग्य जागा निवडली होती. उकिरड्याच्या कडेची माती म्हणजे जीवाणूंची जत्रा. तिने ते औषध पुढच्या पावसाळ्यापर्यंत फस्त केले असेल. पण ती पाऱ्याची असेल, तर आजी, मातीने ते पचवलेले नाही. परसातली ती जागा आता लिंपून अंगण झाली आहे, तिथे माझी नातवंडे खेळतात, आणि तो पारा कुठेतरी तिथेच, किंवा पाण्याबरोबर गेला असेल तिथे, आहे. आजोबांना यातले काही माहीत नव्हते. त्यांना इतकेच कळत होते की जे काय आहे याची खात्री नाही, ते भुकेलेल्या घराच्या ताटात वाढायचे नसते.

मातीच्या ताटात वाढतानाही आपण तेवढाच विचार केला, तर आजीचा तो उपास वाया गेला नाही असे मी म्हणेन.